दोनशे एकावं युनिट : वडगावातल्या एका इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब

2025 च्या जुलैची 3 तारीख, संध्याकाळचे साडेसात. बाहेर पाऊस कोसळत होता. सर छत्री मिटवायच्या आधीच दुकानात शिरले. विजेचं बिल भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणलेलं.

“ह्ये बघ. एप्रिलचं पावणेचारशे. मेचं तीनशे एक्केचाळीस. आणि आता ह्ये अडीच हजार! मीटर फास्ट झालंय, दुसरं काय न्हाई. उद्या अर्ज देऊन येतो.”

“सर, पाडव्याला गाडी घेतलीय की तुम्ही.”

“गाडी एप्रिलात पण होतीच की. तीच गाडी, तोच चार्जर, तेच मीटर. गाडी चांगली हाय, खरं बिल बघून झोप उडाली.”

(बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

मी शहापुरात वायरिंगची कामं घेतो. गेल्या दोन वर्षांत इलेक्ट्रिक गाडीचे पॉइंट बरेच काढून दिले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न ऐकला : किलोमीटरला किती पडतंय? आजवर मीही ठरलेलं उत्तर देत होतो, बॅटरी गुणिले युनिटचा दर. सरांच्या बिलानं ते उत्तर मोडीत निघालं. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहितोय. आकडे सरांच्या घरचे आहेत आणि त्यांना विचारून दिलेत.

सर खानापूरच्या बाजूला मराठी शाळेत शिकवतात. घर वडगावात, जुनं, बोळातलं, शेजारी अजून माग चालतात. शाळेला जाऊन-येऊन 52 किलोमीटर, महिन्यात 25 दिवस. गावातलं फिरणं धरून 1,500 किलोमीटरच्या आसपास. गाडी छोटी हॅचबॅक, बॅटरी 24 किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या भाषेत 24 युनिटांची टाकी. सोबत आलेला चार्जर 15 अँपिअरच्या पिनचा, 3.3 किलोवॅट ओढणारा. घराचा मंजूर लोड, म्हणजे वीज कंपनीनं एका वेळी ओढायला मान्य केलेली मर्यादा, 3 किलोवॅट. हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की वायरमनच्या पोटात गोळा येतो, पण ते पुढं.

गाडी घेताना सरांनी कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला होता. 24 युनिटं, युनिटला 5.80 रुपये, म्हणजे फुल्ल टाकी 139 रुपयांत. शोरूमवाल्यानं सांगितलेले 250 किलोमीटर. किलोमीटरला 56 पैसे. खाली दोन रेघा मारून सही केल्यासारखं काहीतरी. आणि त्याच्याही खाली वहिनींच्या अक्षरात : ‘आपल्याला बिलच येत नाही.’

वहिनींची ती ओळ खरी होती. ऑगस्ट 2023 पासून त्यांच्या घरी शून्याचं बिल येत होतं.

मीटरचा संशय आधी फेडायला हवा होता. रविवारी सकाळी गेलो. अशा वेळी लोक दुसरं मीटर लावून बघा म्हणतात, पण सोपा उपाय मीटरच्या तोंडावरच असतो. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. सरांच्या मीटरवर 3200 होतं. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचीही पिन काढली, आणि फक्त 2,000 वॅटचा गीझर तीन मिनिटं चालवला. तीन मिनिटांत 0.1 युनिट, म्हणजे 320 लुकलुकी व्हायला पाहिजेत. सर हजेरी घेतल्यासारखे मोठ्यानं मोजत होते, वहिनी दर शंभराला पाटावर एक सुपारी ठेवत होत्या. तीन सुपाऱ्या आणि वर नऊ. 309. त्या वेळी व्होल्टेज 226 होतं. गीझरवरचा 2,000 हा आकडा 230 व्होल्टचा असतो, त्यामुळं 226 ला तो 1,930 च्या आसपासच ओढणार. हिशेब बरोबर 309 वर येतो. मीटर फास्ट नव्हतं, स्लोही नव्हतं.

सरांचा चेहरा उतरला. मीटर बिघडलेलं असतं तर निदान कुणाकडं तरी बोट दाखवता आलं असतं.

मग बिल उलगडून बसलो. इथं आमच्याकडची एक अडचण सांगायला हवी. बिल कन्नडमध्ये असतं आणि वडगाव-शहापुरातला मराठी शाळेत शिकलेला माणूस त्यातला एकच आकडा वाचतो, सगळ्यात खालचा. मी कामापुरतं कन्नड वाचतो, सर अडखळत. वहिनींचं माहेर गोकाकचं, शाळा कन्नड. त्यांनी चष्मा लावला आणि वरून खाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. निगदित शुल्क, म्हणजे स्थिर आकार. विद्युत शुल्क. तेरिगे, म्हणजे कर. शेवटाला येऊन त्या थांबल्या, मे महिन्याचं बिल मागवलं, दोन्ही शेजारी ठेवली.

“भाऊजी, गृहज्योतीची ओळच न्हाई की ह्यात.”

दोन इलेक्ट्रिकच्या माणसांनी (सरही स्वतःला त्यातलेच समजतात) न बघितलेली गोष्ट त्यांनी मिनिटात बघितली.

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना. तिचा नियम असा. 2022-23 या वर्षात तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता ते बघतात, त्यात 10 टक्के मिळवतात, तेवढी युनिटं फुकट. सरांची सरासरी 116, त्यामुळं हक्क 127 युनिटांचा. त्याच्यावर पण 200 च्या आत राहिलात तर वरच्या जादा युनिटांचे पैसे भरायचे. आणि 200 ओलांडलीत की सवलत पूर्ण जाते. जादाच्या युनिटांवरची तेवढी नाही, पहिल्या युनिटापासूनची.

सरांच्या घरी पंखे, फ्रिज, टीव्ही, सकाळचा गीझर मिळून 118 च्या आसपास. एप्रिलमध्ये परीक्षेचे काही दिवस सोडले तर सुट्टी, मेमध्ये जवळजवळ पूर्ण सुट्टी. गाडी बाजारात, लग्नाला आणि एकदा येळ्ळूरला गेली, बस्स. मेमध्ये एकूण वापर 178. हक्काच्या वर 51 युनिटं, त्यांचे कर धरून 341 रुपये. मे महिन्यात गाडीनं अंदाजे 60 युनिटं खाल्ली होती. म्हणजे युनिटला 5.68 पडले. कॅलेंडरमागच्या हिशेबाहूनही थोडे कमीच, कारण त्यातली 9 युनिटं फुकटच्या हक्कात मावली.

मग 29 मेला शाळा सुरू झाली. जूनचा एकूण वापर 310.

कर्नाटकात 1 एप्रिल 2024 पासून घरगुती विजेचे टप्पे गेले. सगळ्या युनिटांना एकच दर. 2025-26 साठी तो 5.80 रुपये, स्थिर आकार किलोवॅटला 145 रुपये, आणि एप्रिल 2025 पासून वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी युनिटमागं 36 पैसे वेगळे. विजेच्या रकमेवर 9 टक्के कर. इंधन समायोजनाचे पैसे दर महिन्याला वर-खाली होतात, ते इथं बाजूला ठेवलेत. आता मांडा : स्थिर आकार 435, वीज 1,798, पेन्शन 111.60, कर 161.82. एकूण 2,506 रुपये.

आता सर काय करत होते? 2,506 भागिले 310, म्हणजे युनिटला आठ रुपये, असं करून स्वतःची समजूत घालत होते. ते चूक. गाडी नसती तर बिल शून्य आलं असतं. त्यामुळं अख्खे 2,506 रुपये गाडीच्या खात्यावर टाकायचे. पुढं सबमीटर लावून मोजलं तेव्हा 1,500 किलोमीटरला गाडीची 192 युनिटं निघाली. युनिटला 13.05 रुपये. किलोमीटरला 1 रुपया 67 पैसे. कॅलेंडरमागचे 56 पैसे तिप्पट झाले.

यात एक जागा अशी आहे की ती मी सरांना कागदावर काढून दाखवली आणि तो कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय. 200 युनिटं बरोबर वापरली तर 73 जादा युनिटांचे साधारण 488 रुपये. 201 वापरली तर स्थिर आकारासकट सगळं मिळून 1,778. म्हणजे त्या एका युनिटाची किंमत 1,290 रुपये. एका युनिटात ही गाडी जेमतेम आठ किलोमीटर जाते. वडगावातून शेजारचं मच्छे गाव गाठायला सोन्याच्या गाडीत बसल्यासारखं.

गाड्यांच्या बाबतीत एक जुना समज आहे, जितकी जास्त पळवाल तितका किलोमीटरचा खर्च उतरतो. सरांच्या घरी काही महिने उलटं झालं. मेमध्ये कमी पळाली, 73 पैसे पडले. जूनमध्ये शाळेला रोज गेली, 1.67.

बाकी एवढं बोलायला हवं. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या माणसाला फुकट वीज कशाला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. सरांनीही घातला नाही. नियम मीटरकडं बघतो, अंगणातल्या गाडीकडं नाही, त्यामुळं सवलत होती. पण होती म्हटल्यावर ती जाण्याची किंमत हिशेबात धरायलाच पाहिजे, आणि चार्जिंगचा खर्च सांगणाऱ्या कुठल्याही पत्रकात ती धरलेली मी तरी बघितलेली नाही. आमच्या भागात शून्याच्या बिलाची घरं थोडीथोडकी नाहीत.

सरांची बहीण सीमेच्या पलीकडं, चंदगड तालुक्यात. तिच्याकडं महावितरणची वीज आणि इलेक्ट्रिक स्कूटर. तिचं गणित वेगळंच. तिकडं टप्पे आहेत, 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 ला त्याच्या बराच वरचा. पण वरच्या टप्प्यात गेलं तरी खालच्या युनिटांचा दर तसाच राहतो. तिकडं जिना आहे, इकडं सपाट अंगण आणि मध्येच विहीर. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या दोन घरांत एकच स्कूटर चार्ज केली तरी तिचा खर्च एक येणार नाही.

आता त्या 192 युनिटांकडं वळतो, कारण शोरूममधला हिशेब दुसऱ्यांदा इथं गळतो. ऑगस्टमध्ये गाडीच्या पॉइंटवर वेगळा सबमीटर बसवला. महिनाभरात गाडीच्या पडद्यानं सांगितलं की किलोमीटरला 110 वॅट-अवर, म्हणजे 1,500 ला 165 युनिटं. सबमीटर म्हणाला 192. मधली 27 कुठं गेली?

पडदा खोटं बोलत नाही, तो फक्त बॅटरीतून निघालेलं मोजतो. भिंतीतून आलेला एसी करंट गाडीतल्या चार्जरमध्ये डीसी होतो, तिथं काही उष्णता होऊन जातो. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचा संगणक, पंप, रिले जागे असतात, त्यांचं खाणं वेगळं. ते खाणं तासावर चालतं, युनिटावर नाही. म्हणून हळू चार्ज केलं की जास्त जातं. सरांनी जुलैमध्ये घाबरून चार्जर 10 अँपिअरवर ठेवला होता, ‘कमी ओढला की बिल कमी येईल’ म्हणून. ऑगस्टमध्ये चार रात्री मुद्दाम तसा ठेवून मोजला तेव्हा 100 तल्या 19 युनिटांच्या आसपास वाया जात होती. 15 वर आणल्यावर 14. नळ बारीक करून बादली भरल्यानं पाणी वाचत नाही, आणि इथं तर बादलीला बारीक भोकही आहे.

वायरमध्ये किती जातं, हेही सरांनी विचारलं. जुनी 2.5 स्क्वेअरची (म्हणजे 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, मीटरपासून अंगणापर्यंत 18 मीटर. तिच्यात पन्नासेक वॅट गरम होऊन जातात. महिन्याला तीन युनिटं. 4 स्क्वेअरची घातली तर दोन. एक युनिट वाचवायला कुणी वायर बदलत नाही. तरी मी बदलायला लावली, आणि कारण बिलाचं नव्हतं.

कारण सॉकेट होतं. अंगणातल्या भिंतीवरचं, वॉशिंग मशीनसाठी कधीकाळी बसवलेलं. पिन ओढून काढली तर फेजच्या भोकाभोवती चहाच्या कपाचं राहतं तसं तपकिरी वळं. नाक जवळ नेलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. आतली पितळी पट्टी निळसर पडलेली, स्प्रिंगचा जोर गेलेला. वॉशिंग मशीन अर्धा तास चालतं आणि तेही मधूनमधून. गाडी रात्रभर, सलग सहा-सात तास, 14 अँपिअर. आपल्या घरातलं दुसरं कुठलंही यंत्र इतका वेळ इतका करंट एका पिनमधून घेत नाही. सर म्हणाले, सकाळी पिन कोमट लागायची, मला वाटायचं चार्ज झाल्याची खूण.

वर अर्थिंग. जुन्या घरात अर्थिंग म्हणून नळाला बांधलेली तार होती, आणि नळ कधीच प्लास्टिकचा झालेला. सुका हंगाम कसाबसा निभावला, जूनच्या पावसात चार्जर मधूनमधून लाल दिवा लावून थांबायला लागला. सर पिन काढून परत लावायचे, तो चालू व्हायचा. चार्जर बिचारा ओरडून सांगत होता. नवा खड्डा, रॉड, 4 स्क्वेअरची वायर, वेगळा एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि चांगलं इंडस्ट्रियल सॉकेट, सगळं 9,800 रुपयांत झालं. पाच वर्षांवर वाटले तर महिन्याला 163, किलोमीटरला 11 पैसे. हे 11 पैसे चार्जिंगच्याच खर्चातले. बॅटरीची झीज मी इथं धरत नाही, तो गाडीच्या किमतीचा भाग. गाडीच्या हप्त्याचंही तसंच.

लोडचं राहिलं. 3 किलोवॅटच्या मंजुरीवर 3.3 चा चार्जर आणि पहाटे 2 किलोवॅटचा गीझर एकत्र चालवणं बरोबर नाही. लोड 5 करून घेतला तर पूर्ण बिलाच्या महिन्यात स्थिर आकार 290 रुपयांनी वाढतो. सरांनी तूर्त टायमर लावलाय, रात्री अकरा ते पहाटे पाच. त्यांच्या बिलात रात्रीची वीज स्वस्त असं काही नाही, तेव्हा टायमर पैशासाठी नाही, गीझरशी भांडण नको म्हणून. आणखी एक फायदा झाला. संध्याकाळी आमच्या बोळात व्होल्टेज पडतं, अकरानंतर सावरतं.

घराबाहेरच्या चार्जिंगचा अनुभव एकदाच, श्रावणातला. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूर. 110 किलोमीटर जायला, तेवढेच यायला. खानापूर रस्त्यावर 40-50 नं चालणारी गाडी हायवेला 85-90 नं चालली आणि 110 वॅट-अवरचे 135 झाले. फुल्ल टाकीत 178 किलोमीटर. परतीला वाटेत थांबणं आलं. फास्ट चार्जरवर युनिटला 21 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. 14 युनिटांचे 347 रुपये, तेवढ्यात साधारण 100 किलोमीटर. किलोमीटरला साडेतीन रुपये. शिवाय अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये 500 भरावे लागले, 153 अजून तिथंच पडून आहेत.

जीएसटीवर सर चिडले. “विजेवर जीएसटी न्हाई म्हणतात, मग हितं कसा?” विजेवर नाहीच. पण 2023 साली म्हैसूरच्या चामुंडेश्वरी वीज कंपनीनं कर्नाटकच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाला (जीएसटी कुठं लागतो ते आधीच सांगणाऱ्या) हेच विचारलं, तेव्हा उत्तर आलं की गाडीची बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीज विकणं नाही, त्यामुळं 18 टक्के. म्हणजे तेच युनिट घरच्या सॉकेटातून आलं तर माल, हायवेवरच्या चार्जरातून आलं तर सेवा.

मध्यंतरी काही दिवस सर शाळेत पिन लावत होते. तो आकडा मी हिशेबात शून्य धरायला नकार दिला. शाळेचं बिल कुणीतरी भरतंच. सरांनी पुढच्या आठवड्यापासून आपणहून बंद केलं.

एवढं सगळं ऐकून वहिनींनी सरळ विचारलं, “मग गाडी घेऊन चुकलं काय?”

नाही. जुनी पेट्रोल गाडी लिटरला 17 द्यायची. लिटर तेव्हा 103 रुपयांच्या आसपास. 1,500 किलोमीटरला 88 लिटर, म्हणजे 9,000 च्या वर, किलोमीटरला सहा रुपये. शून्याचं बिल गेलं, युनिटं वाया गेली, वायरिंगचे पैसे पडले, सगळं धरूनही घरचं चार्जिंग 1.78 वर थांबतं. हायवेचं महाग चार्जिंगही पेट्रोलच्या आत राहतं. गाडीनं फसवलं नाही. 56 पैशांनी फसवलं. आणि 56 ऐकून घेतलेल्याला 1.78 आले की तो मीटरवर संशय घेतो, अर्ज लिहायला बसतो, नाहीतर चार्जर 10 वर ठेवून आणखी पाच टक्के घालवतो.

उपाय एकच ठोस आहे, गाडीचं मीटर वेगळं. कर्नाटकच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगला एलटी-6(सी) असा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याचा युनिटदर घरगुतीपेक्षा कमी. तो कमी दर विसरून जा. वाईटात वाईट धरून, दुसऱ्या मीटरवर घरगुती दर आणि 3 किलोवॅटचा पूर्ण स्थिर आकार लावला, तरी 192 युनिटांचे 1,718 होतात. घरचं मीटर 118 वर, म्हणजे पुन्हा शून्यावर. महिन्याला 788 रुपये वाचले. लोडचा प्रश्नही सुटला. सर शाळा असलेल्या महिन्यांतच 200 ओलांडतात हे धरलं तरी वर्षात दुसऱ्या मीटरचा खर्च निघून यावा.

सौर पॅनेलचंही बोलणं झालं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण सरांचं छप्पर अर्धं मंगलोरी कौलांचं, अर्धं शेजारच्या तीन मजल्यांच्या सावलीत. तिथंच विषय संपला.

वेगळ्या मीटरचा अर्ज सप्टेंबरात दिलाय. तोवर वहिनींनी स्वतःची पद्धत काढली. रोज सकाळी देवपूजा झाली की मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईत 200. शाळा चालू असताना त्याचा उपयोग नसतो, 310 कुठं आणि 200 कुठं. पण ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची सुट्टी सरकारी सर्व्हेच्या कामानं लांबली, सर घरोघर पायी फिरले, मग दिवाळी आली. गाडी बरीचशी अंगणातच.

1 नोव्हेंबरला सकाळी कॅलेंडरवर 191. रीडिंग घेणारा 3 तारखेला यायचा. घराला दिवसाला साडेतीन-चार युनिटं लागतात. गाडीत 34 टक्के शिल्लक आणि सोमवारी शाळा.

सर हळूच पिन घेऊन अंगणात निघाले होते, वहिनींनी पकडलं. सर म्हणाले, सोमवारी मग मी बसनं जाऊ काय? बस वहिनींना फुकट आहे (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट), सरांना नाही, हा मुद्दा त्यांनी तिथंही सोडला नाही. शेवटी मला फोन. मी म्हटलं, 52 किलोमीटरला 24 टक्के लागतात, जाऊन-येऊन 10 उरतील. “पुरतंय की,” वहिनी म्हणाल्या आणि पिन आत कपाटात ठेवली.

सोमवारी अकराच्या सुमाराला दारात हातातलं मशीन वाजलं. वहिनी मीटरपाशी उभ्याच होत्या. त्या मुलानं आकडे घातले आणि बिलाची पट्टी फाडत म्हणाला, “नूर तोंबत्तेंटू, अक्का.” एकशे अठ्ठ्याण्णव. 71 जादा युनिटांचे 474 रुपये.

सर साडेपाचला आले, पडद्यावर 9 टक्के. त्या दिवशी टायमरची वाट न बघता पिन लावली, आणि वहिनींनी गीझर बंद ठेवला.